पाणी लागलं, पण त्याला माहीत होतं का?

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. त्याच उन्हाळ्यात अंबाजोगाई तालुक्यात माझ्या मामाने शेतात बोर घेतला. पाणाडे तात्या सकाळी सातलाच आले. तळहातावर आडवा नारळ ठेवून बांधाबांधाने चालत राहिले. एका जागी नारळ उभा राहिला. तात्यांनी तिथे चुन्याची फुली मारली आणि म्हणाले, "दीडशे फुटावर झरा हाय. उगवतीकडून येतो."

गाडी लागली. दीडशे फुटाला फुफाटा, दोनशेला फुफाटा, तीनशेला फुफाटा. गाडीवाला म्हणाला, थांबू या. मामाने त्या बोरसाठी कर्ज काढलं होतं, त्याला थांबवेना. तीनशे ऐंशी फुटाला पाणी लागलं. तात्यांच्या गळ्यात हार पडला, गूळ वाटला गेला. बाभळीखाली बसलेली आजी तेवढं एकच बोलली, "पानी लागलं हे खरं हाय. पर त्याला ठाव कुठं व्हतं?"

मी अकरावी-बारावीच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवतो. आजीने विचारलं ते तत्त्वज्ञानाच्या एका अख्ख्या शाखेचं काम आहे. तिला मराठीत ज्ञानमीमांसा म्हणतात. एखादी गोष्ट 'वाटणं' आणि 'माहीत असणं' यांत फरक नेमका कशाने पडतो, हा तिचा मूळ प्रश्न.

सरळ उत्तर असं सुचतं: तुम्हाला एखादी गोष्ट खरी वाटते, ती खरोखर खरी असते आणि तसं वाटायला तुमच्याकडे योग्य आधार असतो. या तीन गोष्टी जुळल्या की झालं ज्ञान. प्लेटोच्या एका संवादात याच्या जवळची व्याख्या तपासली आहे आणि शेवटी अपुरी म्हणून बाजूला ठेवली आहे. तरीही ती पुढे बरीच वापरात राहिली. १९६३ मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकी प्राध्यापकाने जेमतेम तीन पानांचा लेख लिहिला आणि दाखवून दिलं की तिन्ही अटी पुऱ्या होऊनही ज्ञान हातात नसू शकतं.

गेटियरची उदाहरणं नोकरीच्या अर्जाची आणि मोटारीची आहेत. आपण मोंढ्यातलं घेऊ. तुमचा आडत्या रोज सकाळी सोयाबीनचा भाव मोबाईलवर पाठवतो. वर्षानुवर्षं कधी चूक नाही. आज मेसेज आला: ४६००. तुम्ही शेजाऱ्याला सांगता, आज भाव ४६०० आहे. खरं म्हणजे आडत्याच्या पोराने चुकून कालचाच मेसेज पुन्हा पाठवला होता, आणि योगायोगाने आजही भाव ४६०० च निघाला. तुम्हाला जे वाटलं ते खरं होतं. आधारही भक्कम होता. पण आजचा भाव तुम्हाला माहीत होता का? वर्गात हे विचारलं की मुलं आधी 'हो' म्हणतात, मग अर्ध्या मिनिटाने गप्प होतात. ती अर्ध्या मिनिटाची शांतता मला फार मोलाची वाटते.

हा प्रश्न १९६३ मध्ये जन्मला असं नाही. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्याचं उदाहरण तर पाण्याचंच आहे. तहानलेल्या माणसाला दूर पाणी चमकताना दिसतं. ते मृगजळ असतं. तो तिथवर जातो, आणि त्याच जागी दगडाखाली खरंच पाणी सापडतं. त्याला वाटलं ते खरं निघालं. त्याला ज्ञान झालं होतं का? धर्मोत्तराचं उत्तर नाही असं आहे. बाराव्या शतकात श्रीहर्षाने अशीच उदाहरणं रचून नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्या पंडितांच्या, व्याख्या एकेक करून मोडल्या, आणि चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ज्ञान कोणत्या कारणांतून निपजतं याचा नव्याने, बारीक विचार मांडला. ही परंपरा आपल्याकडे किती खोल गेली होती, हे मला पदवीच्या तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही. पुढे बिमल कृष्ण मतिलाल या भारतीय तत्त्वज्ञांच्या लेखनातून ते कळलं. मतिलाल यांनी नैयायिकांना आधुनिक तत्त्वज्ञानाच्या चर्चेत बरोबरीने बसवलं आणि आज जगभर त्या वाटेने काम चालू आहे.

तर योगायोग बाजूला कसा काढायचा? ॲल्विन गोल्डमन यांनी १९६७ मध्ये सुचवलं की वस्तुस्थिती आणि तुमचं वाटणं यांच्यात कार्यकारणाचा धागा हवा. मोंढ्याच्या उदाहरणात आजचा भाव आणि तुमच्याकडे आलेला मेसेज यांचा काही संबंधच नाही, धागा तुटलेला आहे. हे पटतं. पण १९७६ मध्ये त्याच गोल्डमननी असं उदाहरण चर्चेत आणलं की हा धागाही पुरेना. त्यात एका मुलखातली बाकी कोठारं म्हणजे लांबून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नुसत्या दर्शनी भिंती असतात, आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी एकाच खऱ्या कोठारावर पडते. आपल्याकडे ते बियाण्यांच्या पिशव्यांचं होईल. दुकानातल्या शंभर पिशव्यांपैकी नव्व्याण्णव बोगस, हुबेहूब छपाईच्या. एकच अस्सल. तुमचा हात नेमका तिच्यावर पडला. तुम्ही अस्सल पिशवी समोर पाहताय, धागा शाबूत आहे. तरी 'ही पिशवी अस्सल आहे हे मला माहीत आहे' असं म्हणता येईल? इथे तत्त्वज्ञांचं आजही एकमत नाही. मला स्वतःला वाटतं, म्हणता येणार नाही. जूनमध्ये पेरून बसलेल्या आणि उगवणीची वाट पाहणाऱ्या माणसाला 'तुला माहीत होतं' असं म्हणायला जीभ रेटत नाही.

यातून विश्वासार्हतेचा विचार पुढे आला. एका प्रसंगात काय झालं याकडे बघू नका, ज्या रीतीने तुम्ही तिथवर पोचलात ती रीत एरवी किती वेळा खरं सांगते ते बघा. आता तात्यांकडे परत येऊ. आपला मराठवाडा बहुतेक काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर बसलेला आहे. या खडकात पाणी मुख्यतः भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरांत असतं. दहा फूट इकडे बोर कोरडा, दहा फूट तिकडे पाणी, हे इथे नेहमीचं. म्हणून एक बोर लागला की नारळाची कीर्ती होते. नारळाची रीत खरंच विश्वासार्ह आहे का, ते कोरडे गेलेले बोर मोजल्याशिवाय कळणार नाही. ते कुणी मोजत नाही.

पण तात्यांना इतक्यात सोडू नये. समजा नारळ काहीच करत नाही, आणि तरीही चाळीस वर्षं रानोमाळ हिंडलेल्या या माणसाची नजर न कळत उंबराचं झाड टिपते, वारूळ टिपते, उतार टिपतो, कुठलं गवत मार्चपर्यंत हिरवं राहतं ते टिपते. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत भूमिगत पाण्यावर दकार्गल नावाचा अध्याय लिहिला, त्यात झाडं आणि वारुळं याच कामाला लावली आहेत. समजा तात्यांचा हात त्या नजरेमुळे हलतो आणि त्यांना मात्र वाटतं की नारळ सांगतोय. मग त्यांना पाणी कुठे आहे ते माहीत आहे का, कारण सांगता येत नसलं तरी?

या एका प्रश्नावर दोन गट पडतात. एक म्हणतो, रीत भरवशाची असली की पुरे, ती माणसाला समजावून सांगता यायलाच हवी असं नाही. तान्हं लेकरू आईला ओळखतं, ते काय कारणं देतं? दुसरा गट म्हणतो, ज्याला स्वतःलाच आपल्या म्हणण्यामागचं कारण ठाऊक नाही, त्याचं ते वाटणं कितीही खरं निघो, ज्ञान म्हणवत नाही. लॉरेन्स बॉनजर यांनी १९८० मध्ये यासाठी एक दिव्यदृष्टीचा माणूस कल्पिला. राष्ट्राध्यक्ष न्यूयॉर्कमध्ये आहेत असं त्याला उगाच आतून वाटतं आणि त्याचं असं आतून वाटणं दर वेळी खरं निघतं, पण तसं का वाटतं याचा त्याच्याकडे काही पुरावा नाही. तो विवेकाने वागतोय का? बॉनजर म्हणतात, नाही. मी बराच काळ याच बाजूचा होतो. शेतात राबणारी माणसं जवळून पाहिल्यावर डळमळलो. आजीला आभाळाकडे बघून पाऊस कळायचा. कशावरून, ते तिला कधीच सांगता आलं नाही.

काहींनी मग व्याख्येचा नादच सोडला. टिमथी विल्यमसन यांनी २००० मध्ये मांडलं की ज्ञानाचे तुकडे करून ते जोडत बसणं हीच चूक आहे. ज्ञान ही मूळ गोष्ट धरा, आणि वाटणं, पुरावा, आधार यांचं स्पष्टीकरण तिच्यावरून द्या. या मांडणीवरचं काम अजून थांबलेलं नाही.

भाषेचा वाद मात्र आपल्याला थेट भिडतो. २००१ मध्ये जोनाथन वाइनबर्ग, शॉन निकल्स आणि स्टीफन स्टिच या तिघांनी दावा केला की गेटियरसारख्या गोष्टी ऐकून 'हे ज्ञान नाही' असं वाटणं ही कदाचित पाश्चात्त्य माणसाची सवय असेल. भारतीय उपखंडातून आलेल्यांचे कौल वेगळे पडतात, असं त्यांना दिसलं होतं. पुढे स्टिच यांचाच सहभाग असलेल्या एका मोठ्या गटाने ब्राझील, भारत, जपान आणि अमेरिका इथल्या लोकांना अशा गोष्टी त्यांच्या त्यांच्या भाषांत सांगून पाहिल्या. चारही ठिकाणचे कौल बरेच जुळले. आपलाच दावा पुन्हा तपासून बघणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

तरी प्रश्न उरतोच. इंग्रजीत एका क्रियापदाने जे भागतं, त्यासाठी आपल्याकडे माहीत असणं, ठाऊक असणं, कळणं, उमजणं, अवगत असणं आणि पोहण्यासारख्या गोष्टीसाठी 'येणं' एवढे शब्द आहेत. मला पोहता 'येतं', मला पोहणं 'माहीत आहे' असं कुणी म्हणत नाही. कौशल्य म्हणजे शेवटी एक प्रकारची माहितीच, असं जेसन स्टॅनली आणि विल्यमसन यांनी २००१ मध्ये मांडलं, आणि त्या युक्तिवादाचा मोठा भार इंग्रजी वाक्यरचनेवर होता. तो वाद मराठीतून सुरू झाला असता तर वेगळ्या वळणाने गेला असता, असं मला ठामपणे वाटतं. आणखी एक: 'मला माहीत आहे' या वाक्यात 'मी' कर्ता नाही. माहिती माझ्याकडे आलेली आहे, मी काही करत नाहीये. मराठीतून ज्ञानमीमांसा करायची तर इथून सुरुवात करता येईल. २०१८ मध्ये इंग्रजीपलीकडच्या भाषांतल्या ज्ञानविचारावर एक संपादित ग्रंथही निघाला. काम सुरू झालं आहे, त्यात मराठी माणसं हवीत.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो. आपल्याला जे माहीत असतं त्यातलं स्वतः पाहिलेलं किती? स्वतःची जन्मतारीखसुद्धा आपल्याला दुसऱ्याच्या शब्दावर माहीत असते. ज्ञानाच्या साधनाला आपल्याकडे प्रमाण म्हणतात. चार्वाक फक्त प्रत्यक्षावर, म्हणजे स्वतः पाहण्या-अनुभवण्यावर, थांबले. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान (तर्क) आणि उपमान (साम्यावरून ओळखणं) यांच्या जोडीला शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, हे चौथं प्रमाण मानलं. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हा विषय बराच काळ कडेला होता, १९९० च्या दशकात तो मध्यभागी आला. १९९४ मध्ये मतिलाल आणि अरिंदम चक्रवर्ती यांनी याच प्रश्नावर भारतीय आणि पाश्चात्त्य अभ्यासकांचे लेख एकत्र आणले.

शब्द कुणाचा मानायचा? न्यायसूत्र हा नैयायिकांचा मूळ ग्रंथ म्हणतो, आप्ताचा. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. भाष्यकार वात्स्यायन आप्त कोण ते सांगतो: ज्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि जी जशी पाहिली तशी सांगावी अशी ज्याला इच्छा आहे. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचं हे वाक्य मी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो. त्यात जन्म नाही, जात नाही, पद नाही. सांगणाऱ्याने पाहिलं आहे का आणि त्याला खरं सांगायचं आहे का, एवढंच.

प्रत्यक्षात असं होत नाही, म्हणूनच मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये मांडलेली ज्ञानविषयक अन्यायाची कल्पना इतकी पसरली. त्या दोन प्रकार सांगतात. सांगणारी व्यक्ती कोण आहे ते बघून तिच्या शब्दाचं वजन कमी धरणं, हा पहिला. दुसरा जास्त खोल आहे: आपल्यावर काय ओढवतंय ते सांगायला समाजाच्या भाषेत शब्दच नसणं. 'लैंगिक छळ' हा शब्दप्रयोग अमेरिकेत १९७० च्या दशकात रुळला. त्याआधी बायका सोसत होत्या, पण काय सोसतोय ते नेमकं सांगायला नाव नव्हतं.

आपल्याकडे मला बीडच्या ऊसतोडीच्या बायका आठवतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीतल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कितीतरी जणींना सांगितलं गेलं होतं की पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. त्यांनी शब्दप्रमाण मानलं. डॉक्टरचा शब्द मानायचा नाही तर कुणाचा? त्या भोळ्या होत्या असं जो म्हणतो त्याने आडत्याचा मेसेज आठवावा, आधार तितकाच भक्कम होता. फसवलं गेलं ते त्यांच्या भरवशाला. उलट बाजूने, पाळीत पोटात कळा येतात, उभं राहवत नाही, हे त्यांनी मुकादमाला सांगितलं तर तो नुसता खाडा धरला जायचा आणि दंड पडायचा. स्वतःच्या शरीराबद्दल त्यांच्याइतकं आप्त कोण असेल?

किल्लारीच्या भूकंपाबद्दल मी जास्त जपून बोलतो. १९९२ मध्ये तिथल्या लोकांना हादरे जाणवत होते. त्या काळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार स्थिर आहे या समजाला तेव्हा उपलब्ध असलेला शास्त्रीय आधार होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो गेले. मोठा भूकंप येणार हे गावकऱ्यांना माहीत नव्हतं, शास्त्रज्ञांनाही नव्हतं, भूकंपाचं भाकीत आजही करता येत नाही. पण पायाखालची जमीन पूर्वीसारखी राहिलेली नाही, एवढं गावाला माहीत होतं, भीतीच्या रूपात का होईना. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि किल्लारीचा परिसर वरच्या पट्ट्यात गेला. योग्य आधार असलेली समजूत खोटी निघू शकते, हे मी पुस्तकातून शिकवायचो. आता किल्लारीवरून शिकवतो आणि दर वेळी आवाज जड होतो.

मोबाईलने यात नवा पेच आणला. थी न्युएन यांनी २०२० मध्ये एक उपयोगी फरक दाखवला. एका स्थितीत दुसरी बाजू तुमच्यापर्यंत पोचतच नाही. ती पोचवली की फुगा फुटतो. दुसऱ्या स्थितीत ती पोचते, पण ती सांगणारे सगळे विकले गेलेत हे तुम्हाला आधीच पढवलेलं असतं. तिथे नुसती माहिती देऊन काही होत नाही, भरवसाच पुन्हा बांधावा लागतो. गावातल्या ग्रुपवर भांडणं का मिटत नाहीत, ते मला यातून कळलं.

आणि आता पोरं फवारणीचा सल्ला बोलणाऱ्या यंत्राला, म्हणजे एआयला, विचारतात. त्याचा शब्द प्रमाण मानावा का, हा आजचा तापलेला वाद आहे. काही म्हणतात, त्याला तापमापीसारखं धरा, किती वेळा बरोबर येतं ते तपासा आणि वापरा. वात्स्यायनाच्या कसोटीवर मात्र ते बसत नाही. त्याने बोंडअळी पाहिलेली नाही आणि जसं पाहिलं तसं सांगण्याची इच्छाही त्याला नाही. मी दोन्ही बाजू वर्गात मांडतो. माझा कल वात्स्यायनाकडे आहे.

यंदा दिवाळीत मामाकडे गेलो तेव्हा तात्या ओट्यावर बसले होते. गुडघे गेलेत, नारळ आता मुलगा धरतो. मी विचारलं, "तात्या, कोरडे किती गेले?" ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "सर, चाळीस वर्सात ह्ये कुनी इचारलं न्हाई. लागलं की बोलावून जेवू घालत्यात. कोरडा गेल्यावर कोन बोलावतंय?"

मी वही काढली. ते एकेक शिवार आठवू लागले: ओढ्याकाठचं, देवळामागचं, धाकट्या भावाच्या वाटणीचं. लागला, कोरडा, लागला, ठाव न्हाई. दिवेलागणीपर्यंत तेवीस जागा झाल्या. त्यातल्या नऊ जागांपुढे 'ठाव न्हाई' असं लिहिलं आहे. उरलेल्यांसाठी उद्या ये, म्हणाले.